स्पिरिटचा वास

टॅमसिन : नाही देत किल्ली. काय करायचं ते करा.

रेनी : मिसेस ट्रेंबाथ, ती ट्रंक माझी आहे. आत माझे नकाशे आहेत, उपकरणं आहेत, कपडे आहेत. इतकी वर्षं तुमच्या खाणावळीत राहिलो, तुमचा एक चमचाही घेऊन चाललेलो नाही.

टॅमसिन : न्या हो, हवे तितके चमचे न्या. चमच्यांचं कोण बोलतंय इथे?

डिनी : इंजिनियरसाहेब, घोडे जुंपून झाले. नदी चढायला लागलीय. आत्ता निघालो तर गाडी नदीतल्या उथळ उतारावरून पार होईल. उशीर केलात तर तुमची सिडनीची बोट तिकडे ग्रेमथ बंदरातून सुटेल, आणि मग शिव्या मलाच घालाल.

रेनी : जरा थांब, डिनी.

डिनी : मी थांबतो हो. आम्हा आयरिश लोकांचा जन्मच थांबण्यात जातो. नदीला तेवढं तुम्ही सांगा.

टॅमसिन : तू थांबच. तुझ्यासमोर झालेलं बरं. मला साक्षीदार पाहिजे.

डिनी : साक्षीदार, आणि मी? बाई, तुमच्या चॅपेलातल्या कॉर्निश मंडळींना मी पाऊस पडतोय म्हणून सांगितलं, तर आधी खिडकीतून हात बाहेर काढून बघतात.

टॅमसिन : मग काय चुकतं त्यांचं? सकाळी सकाळी तुझ्या तोंडाला बियरचा वास येतोय.

डिनी : व्हिस्कीचा. खोटा आळ नका घेऊ, घरात मयत आहे तुमच्या.

रेनी : मिसेस ट्रेंबाथ, तुमच्या भावाचं मला मनापासून वाईट वाटतं. काल चौकशीतही मी तेच म्हणालो. माझ्या हाताखाली विजेची तार ओढणारा त्याच्यासारखा दुसरा माणूस नव्हता.

टॅमसिन : म्हणालात. आणि त्याच दमात म्हणालात, की खांबावरून खाली काढला तेव्हा त्याच्या अंगाला स्पिरिटचा वास येत होता.

रेनी : मॅजिस्ट्रेटने विचारलं, मी उत्तर दिलं. बायबलवर हात ठेवून दिलं. वास येत होता.

टॅमसिन : आणि पंचांनी काय ठरवलं? नशेत होता, स्वतःच्या निष्काळजीपणाने मेला. माझा जागो! आमचा बाप दारूपायी खाणीत पडून गेला, तेव्हा मिसरूडही न फुटलेल्या या पोराने चॅपेलातल्या दारूबंदी मंडळात न पिण्याची शपथ घेतली. नाताळच्या केकचा आधी वास घ्यायचा, ब्रँडी नाही ना म्हणून, आणि मगच तोंडात घालायचा. त्याला तुम्ही दारुडा म्हणून पुरायला निघालात.

रेनी : मी कुणालाही पुरायला निघालेलो नाही. मी सिडनीला निघालोय.

टॅमसिन : तेच तर! त्याला पुरायचंय आज दुपारी, आणि तुम्ही सकाळीच पळताय.

डिनी : पण बाई, पुरायचं कुठे अडलंय? पाद्री नाही म्हणाला?

टॅमसिन : पाद्री येतोय. माणसं येत नाहीत. शपथ घेतलेला माणूस पिऊन मेला तर मंडळाचं कुणी त्याच्या मागून चालत नाही. नियमच आहे तसा. काल संध्याकाळी येऊन दारातूनच सांगून गेले, आत पाऊलही टाकलं नाही. कोण गाणार मग? कोण वाहणार त्याला?

डिनी : अरेच्चा. तुम्ही लोक मयताला गाडी लावत नाही, नाही का.

टॅमसिन : गाडीतून सामान जातं. आमची माणसं माणसांच्या हातांवर जातात. घरापासून टेकडीपर्यंत, सगळ्या वाटेने गात. मुक्यानेच कुणाला खड्ड्यात घातलंय असं आमच्या लोकांत आजवर झालेलं नाही.

रेनी : हा तुमच्या मंडळाचा दुराग्रह आहे. त्याला मी काय करणार? मी विजेचा इंजिनियर आहे. मी अंत्यविधी ठरवत नाही.

टॅमसिन : तुम्हीच ठरवलात. एका शब्दात ठरवलात. तो शब्द परत घ्या, एवढंच मागतेय. मंडळाची माणसं खाली चॅपेलात बसलीयेत. जा, त्यांच्यासमोर बोला आणि जा तुमच्या सिडनीला. किल्ली ही बघा, माझ्या कमरेला आहे.

रेनी : शपथेवर दिलेली साक्ष परत घेऊ? त्याचा अर्थ कळतो तुम्हाला? सिडनीत मला अख्ख्या शहराच्या दिव्यांचं काम मिळालंय. वीस वर्षं मी यासाठी झिजलो. कलकत्त्यात नदीकाठच्या तागाच्या गिरण्यांत दिवे लावले, तापाने अर्धा मेलो. किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणीवर लावले. मग या चिखलात आलो. तुम्ही रॉकेलची चिमणी घेऊन रस्ता ओलांडत होतात, तिथे...

टॅमसिन : हो, हो, बघितले ना, जिथे जाल तिथे काय दिवे लावताय ते!

डिनी : हे मात्र बाईंनी छान म्हटलं.

रेनी : तू गाडीकडे जा बघू.

डिनी : गाडी कुठे पळत नाहीये. मलाही एक विचारायचंच होतं, साहेब. काल हॉटेलात चौकशी चालली होती तेव्हा मी मागे दाराशी उभा होतो. सगळं विचारलं त्यांनी. खांब केवढा, तार केवढी, शिडी कुणाची. पण त्या रात्री चांदणं होतं, हे कुणी काढलंच नाही.

रेनी : चांदण्याचा काय संबंध?

डिनी : मला काय कळतंय? मी घोड्यांतला माणूस. पण पौर्णिमेच्या आगेमागे आपल्याकडे रस्त्यावरचे दिवे लागत नाहीत. चंद्र फुकट उजेड देतो तर यंत्र कशाला फिरवा, असा ठरावच आहे नगरपालिकेचा. माझ्या घोड्यांनासुद्धा माहितीये.

टॅमसिन : प्रत्येकीच्या स्वयंपाकघरात पंचांगाचा कागद डकवलेला आहे. गोल काढलेल्या रात्री दिवे नाहीत. आणि त्या रात्री जागो खांबावर चढायचा. का? कारण तुम्हीच सांगितलं होतंत. माझ्या टेबलावर बसून, माझं मटण खात सांगितलं होतंत. चांदण्या रात्री तारेत वीज नसते, तार मेलेली असते जागो, जोडकामं तेव्हाच करत जा.

रेनी : मी हेही सांगितलं होतं, की कुठलीही तार हात लावण्याआधी तपासायची. मेलेली आहे असं दुसऱ्याने सांगितलं तरी तपासायची. आमच्या धंद्यातला पहिला नियम आहे तो. त्याने पाळला नाही.

टॅमसिन : तुमच्यावर विश्वास ठेवला, हा त्याचा निष्काळजीपणा.

रेनी : शब्दांत पकडू नका मला.

टॅमसिन : मग तुम्ही सोडवा. त्या रात्री वीज का सोडलीत?

रेनी : यंत्राची चाचणी होती.

डिनी : सिडनीचे पाहुणे आले होते ना? तो पिवळ्या बुटांचा गृहस्थ. मीच आणलं होतं त्यांना, सगळ्या वाटेभर माझ्या घोड्यांना नावं ठेवत आले. अच्छा, त्यांना यंत्र फिरवून दाखवलंत होय!

रेनी : त्यांना बोजा पडल्यावर यंत्र कसं चालतं ते पाहायचं होतं. हॉटेलातले आणि सभागृहातले दिवे लावले. रस्त्यावरचे बंदच होते, पण तार एकच. बोट गाठायची म्हणून ते पहाटेच निघणार होते. दुसरी वेळ नव्हती.

टॅमसिन : आणि जागो खांबावर आहे हे आठवलं नाही.

रेनी : नाही.

टॅमसिन : नाही?

रेनी : नाही आठवलं! दहा गोष्टी डोक्यात होत्या. पट्टा घसरत होता, पाणी कमी येत होतं, तो माणूस हातात घड्याळ घेऊन माझ्या पाठीशी उभा होता. मी वीज सोडायचा दांडा ओढला. बस. असं होतं. कलकत्त्यातही झालं, किंबर्लीतही झालं. ही वीज आहे, गाईचं दूध नव्हे. जगात कुठेही माणसं गमावल्याशिवाय ती आलेली नाही.

टॅमसिन : तिथेही त्यांच्या अंगाला वास येत होता का?

रेनी : मिसेस ट्रेंबाथ!

टॅमसिन : ओरडू नका. माझ्या घरात आहात. कसला वास येत होता जागोच्या अंगाला?

रेनी : सांगितलं ना. स्पिरिटचा.

टॅमसिन : कसल्या स्पिरिटचा?

डिनी : कसल्या म्हणजे? स्पिरिट म्हणजे व्हिस्कीच की. नाहीतर रम. हॉटेलच्या पाटीवरसुद्धा तसंच लिहिलंय.

टॅमसिन : तू गप. यांना विचारतेय. तुमच्या खोलीत मी पहिल्या दिवशी चादर बदलायला आले, तेव्हा भपकारा आला. मी बाहेर येऊन जागोला म्हणाले, मेला हा स्कॉटिश माणूस ढोसतो, याला मी ठेवून घेणार नाही. जागो हसून हसून लोळला. म्हणाला, ताई, दारू नाही ती. साहेब कलकत्त्याहून लाख मागवतात. ती लाख जाळायच्या स्पिरिटमध्ये भिजत घालतात, विरघळली की त्याचं रोगण होतं. तारेचा जोड बांधला, वर फीत गुंडाळली, की त्यावर ब्रशाने ते रोगण फिरवायचं. पाणी शिरत नाही. तेव्हापासून माझं सगळं घर तोच वास मारतंय. पडद्यांना येतो, उशांना येतो. तुमच्या कोटाला आत्ता येतोय. डिनी, जवळ जा. घे वास.

डिनी : आता साहेबांच्या अंगाचा वास... बरं, बरं. हं. देवा रे.

टॅमसिन : काय?

डिनी : मला वाटलं होतं, साहेब आपल्यातलेच आहेत. गाडीत बसले की नेहमी यायचा हा वास. मी मनात म्हणायचो, चोरून पितात, पण पचवतात चांगली.

टॅमसिन : जागोचा शर्ट मीच उतरवला, मीच धुतला. छातीवर डाग होता, मधाच्या रंगाचा, कडक झालेला. अजून गेलेला नाही. व्हिस्कीचा डाग असा बसतो होय? तुम्ही विरघळवलेली लाख होती ती. तुम्ही दिलेला डबा, तुम्ही दिलेला ब्रश. आणि तुम्हाला माहीत होतं. खाली काढला तेव्हा नाक त्याच्याजवळ नेलंत, त्याच क्षणी माहीत होतं.

रेनी : मी दारू हा शब्द उच्चारला नाही.

टॅमसिन : ...काय म्हणालात?

रेनी : साक्षीत. एकदाही नाही. मी स्पिरिट म्हणालो. ते खरं होतं. पंचांनी त्याचा काय अर्थ काढावा हे माझ्या हातात नव्हतं.

डिनी : साहेब, मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोललो. पण इतकं स्वच्छ नाही बोललो कधी.

टॅमसिन : म्हणजे तोलून मापून म्हणालात. मला वाटत होतं घाबरून गेला असाल, तोंडातून निघून गेलं असेल. रात्रभर स्वतःला समजावत होते मी. तुम्ही तर शब्द निवडून आणला होतात.

रेनी : लाख म्हटलं असतं तर मॅजिस्ट्रेटने विचारलं असतं, तो काय काम करत होता. मग, तार मेलेली असताना वीज कुठून आली. मग, कुणी सोडली. त्या एका उत्तरानंतर मला जगात कुणी दिव्याची वातसुद्धा कापायला ठेवलं नसतं. तो तर गेलाच होता. माझं खरं बोलणं त्याला परत आणणार नव्हतं.

टॅमसिन : त्याचं नाव होतं ना मागे! त्याच्याकडे दुसरं होतं काय? घर माझं, अंथरूण माझं, बूट खाणीच्या दुकानातले. नाव तेवढं त्याचं होतं. ते तुम्ही काढून घेतलंत, सिडनीला जाताना वाटखर्चाला.

रेनी : मी तिथून पत्र लिहीन. जागेवर रुजू झालो की सविस्तर लिहीन. मॅजिस्ट्रेटला, तुमच्या मंडळाला, सगळ्यांना. शब्द देतो.

टॅमसिन : तुमचा शब्द! कालच ऐकला तो. आणि पत्र येईपर्यंत काय करू? त्याला बर्फात ठेवू?

रेनी : मी काय करू म्हणता? सगळं टाकून देऊ? तुम्हाला कल्पना आहे का, त्या मुलाला मी काय काय शिकवलं? हातोडी कशी धरायची तेही त्याला येत नव्हतं. कलकत्त्यात माझ्या हाताखाली शिकलेले लोक होते, त्यांनाही असा जोड जमत नव्हता. त्या रात्रीचा तो जोड... मी दुसऱ्या दिवशी वर चढून बघितला.

टॅमसिन : बघितलात?

रेनी : बघायलाच हवा होता. लाइन चालू करायची होती.

टॅमसिन : कसा होता?

रेनी : कसा म्हणजे?

टॅमसिन : जोड कसा होता? मला त्यातलं कळत नाही. तुम्हाला कळतं. पिऊन चढलेल्या माणसाने बांधल्यासारखा होता का?

(रेनी खिडकीशी जातो. बाहेर घोडे फुरफुरतात.)

टॅमसिन : मी विचारलं काहीतरी.

रेनी : नाही. वेढे एकाशेजारी एक बसलेले. कुठे फट नाही. रोगण वरून खालपर्यंत सारखं. शेवटचा हात फिरवायचा तेवढा राहिला होता. मी बांधला असता तर याहून चांगला झाला नसता.

डिनी : आणि आता त्यावरूनच दिवे लागतात?

रेनी : काल रात्री आभाळ भरलं होतं, म्हणून लावले. एकदाही लुकलुकले नाहीत.

टॅमसिन : आणि मी काल रात्री त्याच उजेडात त्याच्याजवळ बसले होते. मूर्खासारखी. जाऊ द्या. धरा किल्ली. घ्या तुमची ट्रंक. माझ्या घरातून चालते व्हा. मला वाटलं होतं, माणसाला तोंडावर सांगितलं की त्याला लाज वाटते. तुमच्याकडे ते सामानच नाही.

डिनी : बाई, मग दुपारचं कसं करणार?

टॅमसिन : मी आहे. पाद्री आहे. बघू. ढकलगाडी आहे परसात, बटाट्यांची.

डिनी : बटाट्यांची? छे, छे. मी येतो.

टॅमसिन : तू? तू कॅथलिक. आमच्या चॅपेलाच्या दारात उभा राहिलास तर तुझा पाद्री तुला महिनाभर गुडघ्यांवर बसवील.

डिनी : बसवू दे. गुडघ्यांना सवय आहे. आत नाही येत मी, दारापासून धरतो. तुमची ती लांबलचक गाणी काही मला यायची नाहीत, आधीच सांगतो.

टॅमसिन : प्यायलेला आहेस.

डिनी : थोडासा. दुपारपर्यंत उतरेल. आणि नाहीच उतरली, तर तुमच्या मंडळाला निदान खरा प्यायलेला माणूस कसा दिसतो ते तरी कळेल.

रेनी : डिनी, मला नदीपार सोड आणि मग काय करायचं ते कर.

डिनी : नदीपार सोडून मी परत कसा येऊ, साहेब? पाणी बघितलंत? एकदा गेलो की दोन दिवस पलीकडेच. नाही. घोडे सोडतो मी.

रेनी : मी भाडं भरलंय! बोट उद्या सुटते! तुला कळतंय का, ही बोट चुकली तर ते लोक दुसरा माणूस घेतील!

डिनी : कळतंय की. तो पिवळ्या बुटांचा गृहस्थ काही कुणाची वाट बघणाऱ्यातला नव्हता. भाडं परत देतो. चालत जायचं असेल तर झुलता पूल आहे वरच्या अंगाला. ट्रंक डोक्यावर घ्यावी लागेल.

रेनी : तुम्ही दोघांनी ठरवून केलंत हे.

टॅमसिन : याच्याबरोबर? मी याला माझ्या खाणावळीत पाणीसुद्धा देत नाही. आणि तुम्ही उभे का अजून? किल्ली दिली ना.

रेनी : दोन माणसांनी शवपेटी टेकडीवर जाणार नाही. चढ आहे. ओली माती आहे. निदान चार तरी लागतात.

टॅमसिन : ते आमचं आम्ही बघू.

रेनी : निम्म्या वाटेत टाकाल त्याला.

टॅमसिन : तुम्ही टाकलातच की. आम्ही निदान उचलू तरी.

रेनी : मंडळाची माणसं किती वेळ असतील चॅपेलात?

टॅमसिन : कशाला?

रेनी : किती वेळ असतील?

टॅमसिन : घंटा होईपर्यंत. मग घरी जातील, दारं लावून बसतील. आम्ही खालून जाऊ तेव्हा खिडकीत कुणी दिसायला नको म्हणून.

रेनी : मग आत्ताच जायला हवं. डिनी, ट्रंक राहू दे तिथेच. फक्त आतली रोगणाची बरणी काढून दे मला. त्यांना वास दाखवावा लागेल. नुसतं बोलून पटायचं नाही त्यांना.

डिनी : साहेब, तुम्ही नीट विचार केलात ना? तिथे बोललात की रात्रीपर्यंत ग्रेमथला तार जाईल. तुमच्याच तारेने.

रेनी : माझी तार दिव्यांची आहे. ती वेगळी.

डिनी : माझ्या घोड्यांना फरक कळत नाही त्यातला.

टॅमसिन : काय बोलणार तिथे?

रेनी : जे घडलं ते.

टॅमसिन : सगळं? चांदणं, पाहुणे, दांडा?

रेनी : सगळं. पुन्हा पुन्हा विचारू नका, नाहीतर पाय निघणार नाही माझा. आणि हे तुमच्यासाठी करतोय असं समजू नका. तुम्ही मला या घरात जे बोललात ते मी विसरणार नाही.

टॅमसिन : विसरू नकाच. मीही नाही विसरणार.

रेनी : बोलणं झालं की मी त्यांच्याबरोबरच वर येईन. डिनीच्या समोरच्या बाजूला एक माणूस लागेल. तो मी होईन.

टॅमसिन : नाही. तुम्ही बोला, आणि तिथेच चॅपेलात बसा. जागोच्या पेटीला तुमचा हात लागायचा नाही.